लेथवरचं सपाट काम

१२ जून

प्रिय धाकट्या,

बाबा ठीक आहेत. हे आधीच लिहून टाकते. मागच्या खेपेला माझा निरोप आला तो आई गेल्याचा होता, त्यामुळे माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. तसं काही नाही. मलाच एक विचारायचं आहे.

लेथवर मिलिंग कसं करायचं?

हसलास? हस. अठ्ठावन्न वर्षांची तुझी बहीण, शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं चंचुपात्रं विसळून आणि तराजू दुरुस्त करून गेल्या महिन्यात निवृत्त झाली, आणि आता मागच्या खोलीत लेथ घेऊन बसली आहे. शिलाई मशीनपेक्षा जरा लांब, एवढासाच आहे. एक दंतवैद्य हौसेने छोटी इंजिनं बनवायचे, त्यांचा. त्यांची नजर मंदावली, बायकोने तगादा लावला, तेव्हा मी उचलून आणला.

नुसती हौस म्हणून नाही, कामासाठी आणला. बाबा दोन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत आहेत. त्या खुर्चीच्या ब्रेकची ठोकळी तुटली. ज्या दुकानातून खुर्ची आणली ते बंद पडलंय, आणि दुसऱ्या कंपनीची ठोकळी बसत नाही. सध्या मी चाकाखाली वीट लावते. आपल्या दारासमोरचा उतार आठवतो ना? तिथे त्यांना बसायचं असतं, आणि मी दर दहा मिनिटांनी वीट जागेवर आहे का ते बघत असते.

ठोकळी मी करीन. पण तिला सपाट बाजू हव्यात आणि मधोमध खाच हवी, आणि लेथ मेला सगळं गोलच करतो. तू एकोणिसाव्या वर्षी बाबांच्या तेव्हाच्या मोठ्या लेथवर उभी स्लाइड बसवून त्याच्यावर मिलिंग करून दाखवलं होतंस. बाबा तुझ्यासमोर चकार शब्द बोलले नाहीत, पण शेजारच्या वेल्डरला तीनदा बोलावून त्यांनी ती स्लाइड दाखवली. हे तुला माहीत नसेल. आज सांगते.

ते कसं केलंस, एवढंच दोन ओळींत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

(मध्ये उठले होते. वीट जागेवर आहे.)

तुझी,
ताई


२९ जून

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. साहजिक आहे. नऊ वर्षांपूर्वी आईच्या वेळी आलास तेव्हासुद्धा फाटकापर्यंतच आलास. बाबा आत बसले होते. तू तिथूनच हात जोडलेस आणि गेलास. मी मागे धावले नाही. धावायला हवं होतं. त्याला बरीच कारणं आहेत, ती असू देत.

तुझी वाट न बघता मी करून पाहिलं, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. लेथच्या फिरत्या चकच्या तीन जबड्यांत एंड-मिल, तो दातेरी कटर, धरला, ॲल्युमिनियमची ठोकळी टूलच्या जागी आवळली आणि सरकवली. पहिले दोन मिलिमीटर लोण्यासारखे गेले. मग सगळं मशीन असं थरथरलं की टेबलावरचा चष्मा चालत चालत कडेला गेला आणि खाली पडला. कटर जबड्यांतून हळूहळू बाहेर सरकत होता, हे मला ठोकळीत भोक पडल्यावर कळलं. खाच व्हायची तिथे आता उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय.

बाहेरून बाबा ओरडले, "कोण मारतंय त्या मशीनला?"

म्हटलं, "मीच."

 त्यांच्या उरलेल्या एका डोळ्याला आता जेमतेम दिसतं, पण कान पूर्वीसारखेच तिखट आहेत. मग म्हणाले, "केस बांधलेस का?"

म्हटलं, "बांधलेत."

"मग मार," म्हणाले.

चौतीस वर्षांपूर्वी हेच बाबा काय म्हणायचे आठवतं? 'पोरीने लेथच्या चार हात लांब उभं राहायचं.' मी चार हात लांब उभी राहून तुला शिकताना बघायचे. कटला किती फीड द्यायचा, हत्यार मधोमध कसं लावायचं, सगळं चार हातांवरून शिकले. हे तरी कुणाला ठाऊक आहे?

जाऊ दे. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणायच्या आधी मीच म्हणून घेते. पण मला खरंच कळत नाहीये. कटर चकमध्ये का टिकत नाही?

ताई


१५ जुलै

प्रिय धाकट्या,

काल पोस्टमनने पाकीट दिलं ते जड लागलं. आतून तुझ्या पुस्तकबांधणीच्या कामातल्या पुठ्ठ्याचा तुकडा निघाला. त्यावर पेन्सिलीने काढलेली आकृती, तीन बाजूंनी, प्रत्येक माप बाणांसकट. नाव नाही, 'प्रिय' नाही, काही नाही. खाली चार ओळी: 'कटर चकमध्ये धरू नये. कॉलेटच्या आवळून धरणाऱ्या नळीत धरावा, आणि तो कॉलेट मागच्या बाजूने लांब बोल्टने ओढून घट्ट ठेवावा. टूल ज्या छोट्या स्लाइडवर बसतं ती सोडवून काटकोनातल्या जाड एल-तुकड्यावर उभी करावी. कापायचा जॉब तिच्यावर बसवावा.'

मी तो पुठ्ठा हातात घेऊन घरभर फिरले. चहा ठेवला आणि विसरले, भांडं जळालं. मग शेवटी बाबांच्या मांडीवर ठेवला.

"काय आहे?"

"बघा."

त्यांनी डोळ्यासमोर धरला, वास घेतला. मग बोटाने रेघांवरून गेले. तू पेन्सिल दाबून काढतोस, रेघ पुठ्ठ्यात उतरते. बोट एका बाणाशी थांबलं.

"बाण आतून बाहेर काढलेत," म्हणाले. "असे एकच जण काढायचा."

  पुठ्ठा त्यांनी परत दिला नाही. मापं मला तोंडपाठ करून घ्यावी लागली.

आणि पाकिटात आणखी एक चिठोरं होतं, ते तू घातलेलं नाहीस. तुझ्या बायकोचं. लिहिते, 'ताई, तुमचं पत्र आल्यापासून यांचं चित्त थाऱ्यावर नाही. काल बाजारातून व्हर्नियर घेऊन आले. कागद मोजायला का, विचारलं तर खिशात टाकून निघून गेले. पण बऱ्याच दिवसांनी शीळ घालताहेत.' तिच्यावर रागावू नकोस.

एल-तुकडा किती जाड हवा? दहा मिलिमीटर पुरेल?

ताई


२ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

दहा पुरला नाही. तुझं कार्ड यायच्या आधीच मला कळलं होतं, कारण दहाचा तुकडा कट लागताच मागे झुकायचा. तुझं कार्ड आलं, 'वीसचा घे, आणि स्लाइडच्या पट्ट्या आवळ, चालवायला जड लागली पाहिजे.' वीसचा आणला. भंगारवाला म्हणाला, "आजी, याचं काय करणार, लोणच्यावर ठेवायला?" म्हटलं, "तुझ्या डोक्यावर ठेवायला." बिचाऱ्याने रिक्षापर्यंत उचलून दिला.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण तुझ्या शेळ्या बरोबर चालल्या आहेत. स्लाइड आता उभी आहे. कॉलेट मागून ओढून धरलाय. परवा भंगारातल्या तुकड्यावर पहिला कट घेतला, पाव मिलिमीटर. जॉब कटरच्या दातांच्या विरुद्ध सरकवायचा हे तू दोनदा अधोरेखित केलं होतंस, तरी मी एकदा उलट सरकवून पाहिलाच. मशीनने जॉब हातातून हिसकावून घेतला. आता कळलं. सगळं कळायला मला एकदा आपटावंच लागतं.

थरथर निम्म्याने कमी झाली आहे, पण उरलेली जात नाही. स्लाइडच्या पट्टीचे तीन स्क्रू आहेत, त्यांतला मधला कितीही आवळला तरी सैल वाटतो. तुझ्याकडे मापं लिहून पाठवते आहे, मागच्या बाजूला बघ. त्यांवरून नवी पट्टी किती जाडीची लागेल ते कळव.

मी मधल्या कार्डात विचारलं होतं, एकदा येऊन बघून जाशील का. तू लिहिलंस, 'जिथे मशीन आहे तिथे मी जात नाही. माझा हात बेफिकीर आहे. बाबांनी तेव्हाच ओळखलं होतं. कागदाला इजा होत नाही, म्हणून मी कागदात बरा.'

या वाक्याचं उत्तर मला द्यायचं आहे. देते. पण आत्ता बाबा हाक मारताहेत, उठायला हवं.

बाबा हाक मारत नव्हते. मी उगाच उठले, खिडकी लावली, उघडली, पुन्हा येऊन बसले. दिवसातून वीस वेळा असं होतं हल्ली. उत्तर आज नको. पुढच्या वेळी.

ताई


१४ ऑगस्ट

धाकट्या,

आज सकाळी बाबांना लागलं. घाबरू नकोस, जिवावरचं नाही. उजवं मनगट मोडलंय आणि खांदा ठेचलाय.

ते दारात बसले होते, मी मागच्या खोलीत तो मधला स्क्रू आवळत होते. वीट लावली होती. बहुतेक त्यांनीच ऊन टाळायला खुर्ची जराशी मागे घेतली आणि वीट सुटली. मला खडखड ऐकू आली, मी धावले, तोवर खुर्ची उतार संपवून समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर आदळली होती. दुकानदाराने आणि दोन गिऱ्हाइकांनी त्यांना उचललं. मी फक्त उभी होते. हातात पाना होता, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, कसं पडलात?" तर म्हणाले, "ब्रेक तयार होतोय. जरा घाई केली."

तुझ्याकडून नव्या पट्टीचं माप आलं की लगेच काम संपवते.

ताई


२५ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आलं. सोबत पट्टी आली, तू स्वतः कानशीने घासून केलेली. चौतीस वर्षांनी धातूला हात लावलास. ती मी बसवली. मधला स्क्रू आता धरतो. पण हे पत्र त्यासाठी नाही.

तू लिहिलंस, 'तुझी मापं माझ्या टेबलावर अकरा दिवस पडून होती. मला धीर होत नव्हता. वेळेवर पट्टी केली असती तर ब्रेक बसला असता. माझ्यामुळे बाबांना दुसऱ्यांदा लागलं.'

हे मी चार वेळा वाचलं आणि नंतर मला खुर्चीत बसता आलं नाही. उभ्यानेच लिहिते आहे, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून. अक्षर वाकडं येईल. चालवून घे.

तुझ्यामुळे बाबांना एकदाही लागलेलं नाही.

पहिल्यांदा लागलं ते माझ्यामुळे.

आता नीट क्रमाने सांगते. त्या दिवशी दुपारी बाबा जेवून आडवे झाले होते. तू तेल आणायला गेला होतास. मी वर्कशॉपमध्ये शिरले. त्या आधीही शिरायचे, तुम्ही दोघं नसलात की. मशीन चालू करायचे नाही, आवाज झाला असता. हाताने चक फिरवायचे, जबडे उघडायचे, मिटायचे. त्या दिवशी पितळेची एक कांडी मिळाली होती, तिची घुंडी करायची असं डोक्यात होतं. कांडी चकमध्ये धरली, आवळली, वाटलं नीट बसली नाही, पुन्हा सैल केली. तेवढ्यात बाबांचा खोकला ऐकू आला. मी कांडी ओढून काढली आणि मागच्या दाराने पळाले.

चावी चकमध्येच राहिली. जबडे आवळायची ती चावी, तुला मी काय सांगणार.

तू तेल घेऊन आलास, बाकावर ठेवलंस आणि ड्रॉइंग बघायला लागलास. बाबा आले आणि त्यांनी बटण दाबलं. पुढचं तुला माहीत आहे. चावी भिरकावली गेली ती त्यांच्या डाव्या डोळ्यावर.

मी मागच्या अंगणात होते. तुझी किंकाळी ऐकली. त्यांची नाही, तुझी. धावत आत आले तर तू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास आणि म्हणत होतास, "माझ्याकडून राहिली असेल, बाबा, सकाळी मीच जॉब काढला होता, माझ्याकडूनच राहिली." कुणी विचारलंही नव्हतं. तू आपणहून म्हणालास. आणि माझ्या हातात अजून ती कांडी होती. मी ती ओढणीत लपवली.

तेव्हा बोलायला एक क्षण होता. गेला. मग वाटलं, दवाखान्यातून आले की सांगीन. मग वाटलं, डोळ्यावरची पट्टी निघाली की. पट्टी निघाली त्या दिवशी बाबा तुला म्हणाले, "तुझ्या हातात बेफिकिरी आहे, पुन्हा माझ्या मशीनला शिवायचं नाही." मी दाराआड उभी होते. चार हातांवर. तू मान खाली घातलीस. आठवड्याने तू ट्रंक घेऊन गेलास. मग वाटलं, परत आला की सांगीन. परत आला नाहीस. मग इतकी वर्षं झाली की आता सांगून काय उपयोग, असं वाटायला लागलं. आई विचारायची, 'एवढं काय मनाला लावून घेतलं पोराने?' मी भांडी घासत राहायचे. ती न कळताच गेली.

मला वाटायचं की तू रागावून गेलास. तुला रागवायचा हक्क आहे, असा मनाशी हिशेब जुळवला होता मी. पण तू स्वतःला धरून बसला आहेस, हे मला तुझ्या कार्डातून कळलं. चौतीस वर्षं तू स्वतःच्या हाताला घाबरून राहिलास, आणि तो हात कुणाच्या केसालाही धक्का न लावणारा होता.

मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा खरंच ब्रेकसाठी लिहिलं का? अर्धं तसं आणि अर्धं असं. मशीन आणलं तेही. मला वाटलं, तुला पुन्हा धातूकडे ओढून आणलं तर न सांगताच सगळं सुधारेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. माझा हात शांत राहत नाही, पाय शांत राहत नाही.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त तू स्वतःवर घेतलेलं ते उतरवून ठेव, एवढंच.

ताई


१२ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड. एकच ओळ. 'बाबांना सांगितलंस का?'

नव्हतं सांगितलं. तुला लिहून टाकलं की सुटले, असं मी स्वतःशी ठरवून बसले होते. बघ, अजून माझं तेच चाललंय. कार्ड वाचलं आणि त्या दिवसापासून त्यांच्यासमोर जाऊन, पाणी देऊन, औषध देऊन, उशी सारखी करून परत येत होते. शेवटी तेच म्हणाले, "काय पिंगा घालते आहेस? बस तरी."

बसले, आणि सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं ते काय माहीत आहे?

"पितळेचं काय करायचं होतं तुला?"

म्हटलं, "घुंडी. आईच्या डब्याच्या झाकणाला."

"मला मागायचीस."

"तुम्ही करून दिली असती, बाबा. मला करायची होती."

 त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर आपटला, एकदा, दोनदा. मी हात धरायला गेले तर झटकून टाकला. म्हणाले, "पोरगा माझ्या डोळ्यासमोर रडत होता. मी म्हटलं, रडून काय होतंय. मी त्याला काय काय म्हटलं आणि तू ऐकत होतीस?"

"हो."

"जा इथून," म्हणाले.

तीन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. झेरॉक्सवाल्याच्या आईकडून डबा येत होता. तिला मी 'माझी तब्येत बरी नाही' असं सांगितलं होतं, तर बाबांनी हाक मारून सांगितलं, "तिची तब्येत ठणठणीत आहे, मीच तिच्यावर चिडलोय." चौथ्या दिवशी माझ्याकडून पोळी घेतली. बोलले मात्र नाहीत. काल बोलले. म्हणाले, "त्याला लिही. तू नको तुझ्या शब्दांत. मी सांगतो ते लिही."

तर हे त्यांचे शब्द आहेत, मी फक्त हात चालवते आहे:

'माझं चुकलं. सकाळी जॉब काढल्यावर चावी तू कप्प्यात ठेवलीस का, हे मी तुला विचारलंच नाही. मशीन चालू करण्याआधी चक बघणं हे कारागिराचं काम असतं, आणि बटण माझ्या हाताने दाबलं गेलं. मी न बघता दाबलं. तेव्हा मला हे कळत होतं. दोष दुसऱ्याचा असला की दुखणं सोसवतं, म्हणून मी तो तुझ्यावर ठेवला. ये.'

'ये' लिहिल्यावर मला म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. म्हणाले, "पुरे. पाठव."

ताई


८ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तू इथून परत गेल्याला आज सहा दिवस झाले. तू पोचल्याचं बाबांकडून कळलं.

मला तुला काही सांगायचं नाही, तू इथे होतास, सगळं पाहिलंस. पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तुझी पाठ माझ्याकडे होती.

तू ठोकळी लावलीस, कॉलेट बघितलास, पुन्हा बघितलास, तिसऱ्यांदा वाकून बघितलास. मागचा बोल्ट आवळायची चावी हातात धरून उभा राहिलास. बटणाकडे हात जात नव्हता. बाबांची खुर्ची मी मशीनपाशी लावून ठेवली होती आणि मी दारात होते. बाबा म्हणाले, "चावी कुठाय?" तू म्हणालास, "माझ्या हातात." ते म्हणाले, "दाखव." तू त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलीस. त्यांनी ती चाचपली, पायांमध्ये खुर्चीवर ठेवली आणि स्वतः पुढे वाकून त्याच हाताने बटण दाबलं.

मशीन सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळा मिटून घेतला होता. तुला दिसलं नाही, मला दिसलं. घाबरून मिटला होता. तुझा पहिला कट सरळ लागल्याचा आवाज आला, मग उघडला. त्यानंतर वर्षानुवर्षं ते पुन्हा मोठ्या लेथसमोर उभे राहून काम करत राहिले आणि दर वेळी बटण दाबताना ते असाच डोळा मिटत असतील, हे मला कधी समजलं नाही. भीती तुला एकट्यालाच नव्हती.

खाच उत्तम झाली आहे. कडेला बोट फिरवलं तर लागत नाही. ब्रेक बसवला, काल उतारावर खुर्ची उभी करून मी पूर्ण तासभर समोर उभी राहिले. हलली नाही. बाबा म्हणाले, "आता जा की, खांबासारखी काय उभी?" पण पाय निघत नव्हता.

निघताना तू फाटकात जे बोललास ते मी पुन्हा पुन्हा आठवते. तू म्हणालास, "माझी पोर लहान असताना तिच्या सायकलची साखळी निसटायची. ती माझ्याकडे यायची, मी तिला दुकानात पाठवायचो. वीस पावलांवर दुकान, पण बापाने हात लावला नाही. तिला वाटलं, बाबांना कंटाळा येतो. ती आता मोठी झाली, ताई. तिला साखळीसाठी माझी गरज नाही."

मी म्हटलं, "मला काही बोल. ओरड तरी."

तू म्हणालास, "ओरडायचंय. बाबांच्या घरात जमलं नाही. घरी जाऊन ओरडेन." आणि रिक्षात बसलास. मला त्यात थोडं हसू आलं, थोडं रडू आलं, आणि रिक्षा वळल्यावर कळलं की तू मुळीच थट्टा करत नव्हतास.

आता रोज सकाळी नऊला तुमचा फोन असतो. मी बाबांच्या कानाला लावून देते. पहिल्या दिवशी मी तिथेच घुटमळले, उगाच चादर झटकली, औषधाच्या बाटल्या एका ओळीत लावल्या. बाबा म्हणाले, "बाहेर जाताना दार ओढून घे." मी ओढून घेतलं. आतून त्यांचं हसणं ऐकू आलं. असं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कशावर हसता ते मला कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. दाराला कान लावायची माझी जुनी खोड आहे. लावला नाही. मागच्या खोलीत गेले आणि मशीन पुसत बसले.

बाबांना मी सांगून ठेवलं आहे की दुपारचा फोन वाजला तर मी घेईन.

तुझं ओरडणं बाकी आहे. मी दिवसभर घरीच असते.

ताई